हाँगकाँगला जाऊन बंदर न बघणारे

"सिंगापूर झालं, बँकॉक-पटाया झालं, दुबई तर दोनदा झाली. यंदा हाँगकाँग करायचंय."

हे वाक्य ज्याने कधी ऐकलं नाही त्याला एकतर नातेवाईक नाहीत, किंवा तो नशीबवान आहे (दोन्ही एकच म्हणा!). मला त्यातल्या 'करायचंय' बद्दल बोलायचं आहे. आपल्याकडे अष्टविनायक करतात, चारधाम करतात. तिथे हे क्रियापद शोभतं, कारण चार तास रांगेत उभं राहून का होईना, माणूस शेवटी गाभाऱ्यापर्यंत पोचतो. हाँगकाँग 'करून' आलेल्या कुणालाही विचारा, बंदर कसं वाटलं? "बंदर? हां हां, तो लेझर शो असतो तिथे ना?" असं उत्तर येतं. म्हणजे पंढरपूरला जायचं, वाळवंटातल्या आकाशपाळण्यात बसायचं, बुक्का आणि चुरमुरे घ्यायचे आणि विठोबाला न भेटता परतीची एस.टी. पकडायची, असा हा प्रकार आहे.

आणि इथे तर देवाचं नाव पाटीवर लिहिलेलं आहे. हाँगकाँग या शब्दाचा अर्थच मुळी 'सुगंधी बंदर' असा होतो.

एका नावाजलेल्या टूर कंपनीचं पत्रक सध्या माझ्या टेबलावर पडलंय. नाव सांगत नाही, कारण बाकीच्यांची पत्रकं यापेक्षा फार वेगळी नसतात. हाँगकाँग-शेन्झेन-मकाव, सहा रात्री सात दिवस. पहिल्या दिवशी विमानतळ, हॉटेल, भारतीय जेवण. दुसऱ्या दिवशी 'अर्ध्या दिवसाची सिटी टूर', म्हणजे पीकवर जायचं, मेणाच्या अमिताभबरोबर फोटो काढायचा, खाली उतरून एका 'ज्वेलरी फॅक्टरी'ला भेट द्यायची आणि रात्री आठला काठावर उभं राहून सिंफनी ऑफ लाइट्स बघायचा. मग डिस्नेलँड. मग ओशन पार्क. मग शेन्झेनमध्ये 'विंडो ऑफ द वर्ल्ड', मग मकावचे कॅसिनो. रोज रात्री भारतीय जेवण, जैन जेवणाची सोय, सोबत महाराज.

आता गंमत बघा. शेन्झेनच्या त्या विंडो ऑफ द वर्ल्डमध्ये जगातल्या प्रसिद्ध वास्तूंच्या छोट्या प्रतिकृती आहेत. त्यात एक आयफेल टॉवर आहे. मकावमध्ये २०१६ पासून अर्ध्या मापाचा आणखी एक आयफेल टॉवर आहे. मकावलाच एका हॉटेलात छताखाली खोटं व्हेनिस आहे, खोट्या आभाळाखाली खोटे कालवे आणि त्यात गाणं म्हणणारे नावाडी. आणि शेन्झेनमध्ये, मंडळी, ताजमहालही आहे! म्हणजे महाराष्ट्रातला माणूस आग्र्याला पाठ करून, हजारो किलोमीटर उडून, लहानसा ताजमहाल बघून येतो. दोन आयफेल, एक व्हेनिस, एक ताजमहाल. या सगळ्यात खरं पाणी असलेली जगप्रसिद्ध जागा एकच, व्हिक्टोरिया हार्बर, आणि तिच्या वाट्याला लेझर शोची दहा-पंधरा मिनिटं येतात. त्यातही सगळ्यांची नजर पाण्याकडे नसतेच, ती समोरच्या इमारतींवरच्या दिव्यांकडे असते.

मुलांना डिस्नेलँडला नेऊ नका असं मी म्हणत नाही. न्या की. मिकी माऊसशी माझं वैर नाही. पण हाँगकाँगचं डिस्नेलँड २००५ साली सुरू झालं आणि तसलीच उद्यानं टोकियोत, शांघायमध्ये, पॅरिसजवळ आणि अमेरिकेत आहेत. ते उद्यान हाँगकाँगचं नाही, फक्त हाँगकाँगमध्ये आहे. माझं भांडण आहे ते घरी आल्यावरच्या "हाँगकाँग झालं" शी. आणि त्याहून जास्त, हे असंच असतं असं गिऱ्हाइकाला पटवून देणाऱ्या धंद्याशी.

बंदर वगळलं की काय काय वगळलं जातं, हे एकदा नीट सांगतो. कारण मराठी माणसाने, त्यातही मुंबई-पुण्याच्या माणसाने ते वगळावं हे मला जास्त लागतं.

एका बाजूला बेट, दुसऱ्या बाजूला कौलूनचा भूभाग, मध्ये खोल आणि वादळापासून आडोसा असलेलं पाणी. मोठी जहाजं थेट आत येऊन नांगर टाकू शकतील असं. ब्रिटिशांनी १८४१ मध्ये तिथे झेंडा रोवला तो या पाण्यासाठी. बेटावर तेव्हा फारसं काही नव्हतं. लंडनमधल्या साहेबालाही या खडकाचं काही कौतुक वाटलं नव्हतं. हे पाणी हवं होतं ते चीनशी व्यापार करायला, आणि त्या व्यापारात सगळ्यात मोठा माल कुठला होता? अफू. ती कुठून यायची? कलकत्त्याहून आणि मुंबईहून. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून जहाजात चढायची. मुंबईतले बडे व्यापारी त्यात होते, आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव जमशेटजी जीजीभॉय. ज्या विल्यम जार्डिनची कंपनी पुढे हाँगकाँगची सगळ्यात बलाढ्य कंपनी झाली, त्याचे हे जुने स्नेही आणि भागीदार. आपलं जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, यांच्यामागे ज्या संपत्तीचा हात आहे तिचा एक मोठा वाटा या पाण्यावरून आलेला आहे. जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली १८४२ मध्ये. आणि त्याच वर्षी नानकिंगच्या तहाने हाँगकाँग बेट कायमचं ब्रिटिशांना मिळालं.

तो तह झाला कुठे, तर 'कॉर्नवॉलिस' नावाच्या युद्धनौकेवर. आणि ही कॉर्नवॉलिस बांधली कुठे, तर मुंबईच्या गोदीत! वाडियांनी, १८१३ साली, सागवानात. म्हणजे ज्या फळ्यांवर उभं राहून चीनने हाँगकाँग लिहून दिलं त्या फळ्या मुंबईत रंधल्या गेल्या होत्या. आपल्या किती टूर गाइडना हे माहीत असतं? पीकवर चढताना ते सांगतात काय, तर "इथे जॅकी चॅनचं घर आहे."

पीकवरून आठवलं. पीक ट्रॅम १८८८ ची आहे, वरून दिसणारं दृश्य अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण १९०४ मध्ये कायदा करून त्या डोंगरावर चिनी माणसाला घर करून राहायला बंदी घातली गेली आणि तो कायदा दुसरं महायुद्ध संपल्यानंतर रद्द झाला, हेही कुणी सांगत नाही. वरून बघणं ही तिथे मुळातच साहेबाची सोय होती. आपण अजूनही हाँगकाँग त्याच जागेवरून बघतो आणि खाली उतरत नाही.

पुणेकरांसाठी खास. तुमचं ससून हॉस्पिटल आणि कॅम्पातलं लाल देऊळ, दोन्ही ज्या ससून घराण्याचं, त्याच घराण्यातल्या जेकब ससूनने हाँगकाँगमध्ये आपल्या आईच्या नावाने सिनेगॉग बांधलं. ओहेल लिया, १९०२. आजही रॉबिन्सन रोडवर उभं आहे, चहूबाजूंनी टॉवर, मध्ये ते. बगदादहून मुंबई, मुंबईहून हाँगकाँग-शांघाय अशी या घराण्याची चाल होती, आणि दरेक घर बंदराला लागून होतं.

आणखी एक, हे तर कमालच आहे. कौलूनच्या बाजूला, चिम शा त्सुईमध्ये, जिथे आपल्या बहुतेक ग्रुपांची हॉटेलं असतात, तिथे मोडी रोड नावाचा रस्ता आहे. आपली माणसं त्या पाटीखाली उभं राहून बसची वाट बघतात. हा मोडी म्हणजे होर्मसजी मोडी, मुंबईहून तिथे गेलेला पारशी. हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत त्याच्या देणगीतून उभी राहिली. १९१० साली पायाभरणी झाली आणि १९१२ मध्ये विद्यापीठ सुरू झालं.

पण माझा लाडका पारशी तो नाही. माझा लाडका आहे दोराबजी नवरोजी मिठाईवाला. नाव खरंच मिठाईवाला! या माणसाने १८८८ मध्ये कौलून फेरी कंपनी काढली, बेट आणि कौलून यांच्यामध्ये वाफेच्या बोटी चालवायला. बोटींची नावं मॉर्निंग स्टार, इव्हिनिंग स्टार वगैरे. पुढे १८९८ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली आणि तिचं नाव झालं स्टार फेरी. ती आजही चालते. तीच, त्याच पाण्यावर, तेच 'स्टार' शेपूट लावलेल्या बोटी, वर पांढरा रंग, खाली हिरवा.

आता या स्टार फेरीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण माझ्या मते हाँगकाँगमध्ये बघायची पहिली गोष्ट हीच आहे आणि पत्रकात तिचा उल्लेख असलाच तर 'वेळ उपलब्ध असल्यास' असा असतो.

चिम शा त्सुई ते सेंट्रल हे अंतर पार करायला आठ-दहा मिनिटं लागतात. तिकीट म्हणाल तर एकेरी आकड्यातले हाँगकाँग डॉलर, आपल्या रुपयांत शंभराच्या आत. वरचा मजला आणि खालचा मजला असे दोन वर्ग, पूर्वीचे पहिला आणि दुसरा. बोट दोन्ही टोकांना सारखीच आहे, म्हणजे ती पलीकडे जाऊन वळत नाही, तशीच उलटी निघते. मग प्रवाशांनी पाठ करून बसायचं का? नाही, बाकांच्या पाठी अशा बसवल्या आहेत की एक धक्का दिला की त्या पलीकडे पडतात आणि बाकाचं तोंड फिरतं. साधी, शंभर वर्षं टिकणारी युक्ती. आमच्या धंद्यात एवढ्याशा गोष्टीसाठी तीन मीटिंगा आणि एक नवीन फ्रेमवर्क लागलं असतं. धक्क्याला लागताना खलाशी दोर फेकतो, पलीकडचा लांब काठीच्या आकड्याने तो पकडतो, खुंट्याला गुंडाळतो, लाकडी फळी खडाडकन खाली पडते आणि कामावर निघालेली माणसं चालायला लागतात. कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. दादरला फास्ट लोकल आल्यावर आपण कुठे बघतो?

"पण आमच्या टूरमध्ये हार्बर क्रूझ होती की!" असं म्हणणारे आहेत, म्हणून आत्ताच सांगतो. क्रूझ वेगळी, फेरी वेगळी. क्रूझ जिथून निघते तिथेच परत येते. तिच्यावर पनीर टिक्का असतो, हिंदी गाणी असतात, आणि बोटीवरचे सगळेच तुमच्यासारखे पाहुणे असतात. फेरी पलीकडे पोचवते. तिच्यावर शाळेची मुलं असतात, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आज्या असतात, टाय सैल करून बसलेला बँकेतला कारकून असतो. तुम्ही त्यांच्या शहरात त्यांच्याबरोबर बसलेले असता. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं आणि कुणाच्या घरी जेवणं यात जो फरक आहे, तोच.

मग टूरवाले फेरी का दाखवत नाहीत? इतकी स्वस्त, इतकी सोपी, हॉटेलपासून चालत जाण्यासारखी. उत्तर प्रश्नातच आहे. स्वस्त आहे म्हणूनच! पाच-सहा डॉलरच्या तिकिटावर कुणाला काय सुटणार? डिस्नेचं तिकीट, क्रूझचं तिकीट, ज्वेलरी फॅक्टरीतली खरेदी, या सगळ्यावर कुणाचं ना कुणाचं काहीतरी असतं. ज्या गोष्टीत कमिशन नाही ती प्रेक्षणीय नाही, असा हा सरळ हिशोब आहे. मी धंद्याला नावं ठेवत नाही, धंदा म्हटल्यावर तसं चालणारच. पण गिऱ्हाईक म्हणून आपण तो हिशोब आपल्या आवडीनिवडीचा म्हणून गळ्यात का बांधून घ्यायचा?

यात कुणाचं काय नुकसान, असं वाटेल. नुकसान आहे. बंदर ही काही डोंगरासारखी जागेवर बसून राहणारी वस्तू नाही. हाँगकाँगमध्ये तर ते अक्षरशः बुजवत आणलेलं आहे. सेंट्रलमध्ये डोंगराकडून पाण्याकडे चालत या. क्वीन्स रोड हा मूळ किनारा. मग भर घालून डे वू रोड. मग १८८९ ते १९०३ या काळात आणखी भर घालून कॉनॉट रोड. झाडाच्या बुंध्यातली वर्तुळं मोजावीत तसे हे रस्ते मोजता येतात, प्रत्येक रस्ता म्हणजे कधीकाळचा किनारा. विसाव्या शतकात हे चालूच राहिलं. शेवटी लोक जागे झाले. १९९५ मध्ये बंदर वाचवण्यासाठी संस्था स्थापन झाली, १९९७ मध्ये कायदा झाला, आणि २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की टाळताच येणार नाही अशी सार्वजनिक गरज सिद्ध केल्याशिवाय इथे भर घालता येणार नाही. (२०२५ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती वेगळी कहाणी.)

तरीही आधी मंजूर झालेली भर पडलीच. सेंट्रलचा स्टार फेरीचा जुना धक्का आणि त्यावरचा घड्याळाचा मनोरा ११ नोव्हेंबर २००६ ला बंद झाला. शेवटच्या फेऱ्यांना प्रचंड गर्दी झाली, नंतर तरुण पोरं पाडकामाच्या जागेत घुसली, पोलिसांनी उचलून बाहेर काढलं, आणि मनोरा पाडला गेला. शेजारच्या क्वीन्स पिअरसाठी २००७ मध्ये उपोषणं झाली. एका धक्क्यासाठी! हॉटेल, मॉल, ज्वेलरी फॅक्टरी यांच्यासाठी त्या शहरात कुणी उपोषण केल्याचं मी वाचलेलं नाही.

आणि फेरीसाठी उपोषणाची ती पहिली वेळ नव्हती. १९६६ मध्ये पहिल्या वर्गाचं भाडं २० सेंटवरून २५ सेंट होणार म्हणून सो साऊ-चुंग नावाचा एक तरुण फेरीच्या धक्क्यावर उपोषणाला बसला. त्याला अटक झाली, आणि कौलूनमध्ये दंगल उसळली, संचारबंदी लागली. पाच सेंटसाठी नव्हे, आमचं कुणी ऐकत नाही यासाठी. त्या शहराने आपलं पोट, आपला राग, आपली आठवण हे सगळं या धक्क्यांवर मांडलेलं आहे आणि आपण त्याच्या समोर लेझरचे किरण मोजतो.

समुद्राखालून १९७२ मध्ये मोटारींचा बोगदा झाला, १९८० मध्ये मेट्रोने पाणी ओलांडलं. म्हणजे फेरीची निकड तेव्हाच संपली. नवा धक्का २००६ मध्ये वस्तीपासून आणखी लांब सरकला. हंग होमला जाणाऱ्या तिच्या फेऱ्या २०११ मध्ये बंद झाल्या. आता जी आहे ती बऱ्याच अंशी पाहुण्यांच्या भरवशावर आहे. पाहुणे कशाला पैसे मोजतात यावर शहर काय जपायचं ते ठरवतं. दर वर्षी हजारो भारतीय माणसं तिथे जातात आणि प्रतिकृतींसाठी पाकीट उघडतात. मग प्रतिकृती वाढतील. २०२० मध्ये बंद पडलेलं जंबो हे तिथलं प्रसिद्ध तरंगतं उपाहारगृह २०२२ मध्ये ओढून नेताना समुद्रात उलटलं. तेव्हा सगळ्यांनी हळहळून जुने फोटो काढले. हळहळायला काय लागतं?

नेहमीच्या सबबी माहीत आहेत. आईबाबांना चालवत नाही. कबूल, पण मग पीकच्या रांगेत आणि डिस्नेच्या उन्हात दिवसभर त्यांना चालवतं ते कसं? फेरीत तर बसायचं असतं. मुलं कंटाळतात. मुलांना एकदा दोर फेकणारा खलाशी दाखवा आणि मग १९०४ पासून चालणाऱ्या ट्रॅमच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसवा, बघू कोण कंटाळतं ते. (ट्रॅमचा जिना मात्र अरुंद आहे, आजीला खालीच बसवा.) जेवणाचे हाल होतात. हे खरं आहे, पक्क्या शाकाहारी माणसाला तिथल्या साध्या खानावळीत जड जातं, भाजीतसुद्धा ऑयस्टर सॉस असतो. पण अर्ध्या दिवसासाठी ठेपले बरोबर असतातच ना? भाषेची अडचण म्हणाल तर पाट्या इंग्रजीत आहेत, आणि ऑक्टोपस कार्ड असलं की तोंड उघडायचीही गरज नाही. १९९७ मध्ये सुरू झालेलं हे कार्ड, लंडनच्या ऑयस्टरच्या सहा वर्षं आधी. बस, ट्रॅम, फेरी, मेट्रो, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे टेकवा आणि चला. आमच्या क्षेत्रातल्या माणसाने निदान तेवढ्यासाठी तरी जाऊन यावं.

आमच्या क्षेत्रातल्या माणसांबद्दलही एक बोलायलाच हवं. टूरने जाणाऱ्या काका-काकूंना हसणारी एक जमात आमच्या हापिसात आहे. हे लोक स्वतःला टुरिस्ट म्हणत नाहीत, ट्रॅव्हलर म्हणतात. ते क्वारी बेमधल्या त्या 'मॉन्स्टर बिल्डिंग'ला जातात, लोकांच्या राहत्या घरांच्या चौकात आडवे झोपून वर कॅमेरा धरतात. तिथल्या रहिवाशांनी वैतागून फोटो काढू नका अशा पाट्या लावल्या, तर हे त्या पाटीचाही फोटो काढतात. चुंगकिंग मॅन्शन्सबद्दल 'गूढ', 'धोकादायक' वगैरे लिहितात. अहो, १९६१ ची सतरा मजली इमारत आहे ती, तिथे आपल्याकडचेच लोक मोबाइल विकतात आणि समोसे तळतात! या मंडळींपेक्षा काका-काकू परवडले. ते निदान कुणाच्या खिडकीत डोकावत नाहीत.

आणि रविवार. रविवारी सेंट्रलमध्ये एच.एस.बी.सी.च्या मुख्य इमारतीखाली, चेटर रोडवर, पुलांवर, हजारो फिलिपिनो बायका पुठ्ठे पसरून बसलेल्या असतात. गप्पा मारतात, डबे खातात, एकमेकींची नखं रंगवतात, घरी पाठवायची खोकी बांधतात. हाँगकाँगमध्ये तीन लाखांहून जास्त परदेशी घरकामगार आहेत, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या, आणि कायद्यानुसार त्यांना मालकाच्याच घरात राहावं लागतं. आठवड्यातला हा एक दिवस त्यांचा, आणि बसायला जागा ही एवढीच. आपल्या बसमधून त्यांच्याकडे बघून "इथेपण फूटपाथवर बसतात वाटतं, चला, बरं वाटलं" असं म्हणणारे महाभाग असतात. आखातात आपली किती माणसं अशीच सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी कट्ट्यावर बसलेली असतात, हे त्या क्षणी आठवत नाही. बंदराचं शहर म्हणजे काय, तर लांबून पाण्यावरून आलेल्या माणसांनी चालवलेलं शहर. काल पारशी, शीख पोलीस, बगदादी ज्यू. आज या बायका. हे बघायला तिकीट नाही, म्हणून ते पत्रकात नाही.

मला कधीकधी वाटतं, आपल्याला परक्याचं बंदर दिसत नाही याचं कारण आपल्याला स्वतःचंही दिसत नाही. मुंबईत पाहुणे आले की आपण त्यांना मरीन ड्राइव्हला नेतो. ती पश्चिमेची बाजू, तिथे समुद्र आहे, बंदर नाही. बंदर पूर्वेला आहे. भाऊचा धक्का, ससून डॉक, माझगाव, शिवडी. त्या बाजूला भिंती आहेत, गोदामं आहेत, आणि आत कुणाला जायची इच्छाही नाही. मुंबईत जन्म काढलेली कितीतरी माणसं मला भेटली आहेत ज्यांनी भाऊच्या धक्क्यावरून एकदाही बोट पकडलेली नाही. २०२० मध्ये तिथून मांडव्याला रो-रो सुरू झाली तेव्हा काहीजण पहिल्यांदा गेले, तेसुद्धा गाडी अलिबागला न्यायची म्हणून. असो. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी वीकांत मोकळा मिळाला तर.

तूर्त हाँगकाँग. पत्रकातल्या सात दिवसांतला अर्धा दिवस पुरे. चिम शा त्सुईच्या धक्क्याजवळ घड्याळाचा मनोरा आहे, १९१५ चा. कँटनला जाणाऱ्या रेल्वेचं स्टेशन तिथे होतं, ते १९७८ मध्ये पाडलं, मनोरा तेवढा उरला. तिथून फेरीत बसा, जाताना खालच्या मजल्यावर, तिथे पाणी जवळ असतं आणि इंजिनाचा आवाज पायांत जाणवतो. पलीकडे उतरून डोंगराकडे चालत जा आणि कुठला रस्ता कधीचा किनारा ते मोजा. मग शाऊ की वानकडे जाणारी कुठलीही ट्रॅम पकडा. मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे, टोकापर्यंत जायचं आणि त्याच ट्रॅमने परत यायचं. येताना फेरीच्या वरच्या मजल्यावर. टूर मॅनेजरला आधी सांगून ठेवा म्हणजे तो शोधत बसणार नाही. ज्वेलरी फॅक्टरीचा दिवस यासाठी सगळ्यात सोयीचा.